शक्यतांचे शास्त्रकार : याकोब बर्नुली

मनुष्याच्या जीवनात अनिश्चितता पदोपदी भेटते. पाऊस वेळेवर पडेल की नाही, पीक हाती येईल की नाही, व्यापारात लाभ होईल की तोटा, आजारी माणूस बरा होईल की नाही, हे आधी सांगता येत नाही. शतकानुशतके अशा गोष्टी दैवावर सोडून देण्याची रीत होती. सतराव्या शतकात युरोपातील काही गणितज्ञांनी मात्र असा विचार केला की, पुढे काय घडेल हे निश्चित सांगता आले नाही, तरी ते घडण्याची शक्यता किती आहे हे मोजता यावे. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी खेळातील डावांविषयी परस्परांना पत्रे लिहिली आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. योगायोग असा की, ज्या पुरुषाने हे गणित खेळाच्या पटावरून उचलून मानवी व्यवहाराच्या विशाल क्षेत्रात आणले, त्या याकोब बर्नुली यांचा जन्मही त्याच वर्षी झाला.

स्वित्झर्लंडमधील बाझेल हे ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेले नगर. विद्यापीठ, छापखाने आणि व्यापार यांसाठी ते प्रसिद्ध होते. बर्नुली घराणे मूळचे अँटवर्पचे. धर्माच्या कारणाने होणाऱ्या छळाला कंटाळून त्यांच्या पूर्वजांनी ती भूमी सोडली होती आणि कालांतराने हे कुटुंब बाझेलमध्ये स्थिरावले. मसाल्याच्या पदार्थांचा व्यापार हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. अशा सुस्थितीतील घरात, तेथील तत्कालीन कालगणनेनुसार २७ डिसेंबर १६५४ रोजी याकोबचा जन्म झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्यांच्या आज्ञेप्रमाणे याकोबने आधी तत्त्वज्ञानाचा आणि नंतर धर्मशास्त्राचा अभ्यास केला. १६७१ मध्ये त्याने तत्त्वज्ञानाची पदवी मिळवली आणि १६७६ मध्ये धर्मशास्त्राचा अभ्यासक्रमही यशस्वीपणे पुरा केला.

परंतु त्याचे मन रमत होते ते गणितात आणि आकाशातील ग्रहताऱ्यांत. वडिलांचा विरोध पत्करून तो या विषयांचे ग्रंथ वाचत असे. पुढे त्याने आपले बोधचिन्ह म्हणून ग्रीक पुराणकथेतील फेथॉनचे चित्र निवडले. सूर्यदेवाचा हा पुत्र पित्याचा रथ हाकण्याचे साहस करतो. वडिलांच्या इच्छेविरुद्ध आपण ताऱ्यांच्या मार्गाने निघालो आहोत, हे याकोबने त्या चिन्हातून सूचित केले. या विरोधात पित्याविषयी अनादर नव्हता. वडिलांनी नेमून दिलेले शिक्षण त्याने अर्धवट टाकले नाही. ते पूर्ण केले आणि मगच आपली वाट धरली.

१६७६ मध्ये याकोब जिनीव्हा येथे गेले आणि तेथे खाजगी शिकवण्या करू लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांत एलिझाबेथ वाल्डकिर्ख ही एक अंध मुलगी होती. अंधांना शिकवण्याच्या सोयी त्या काळी जवळजवळ नव्हत्याच. तरीही स्पर्शाच्या आधाराने तिला लिहिता यावे, यासाठी त्यांनी परिश्रमपूर्वक एक रीत बसवली. गणितासारखा विषय पुढे असंख्य लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या या शिक्षकाच्या वृत्तीची चुणूक येथेच दिसते.

यानंतर त्यांनी फ्रान्स, हॉलंड आणि इंग्लंड या देशांचा प्रवास केला. १६८० साली आकाशात एक तेजस्वी धूमकेतू दिसला होता. धूमकेतू म्हणजे दैवी कोपाचे चिन्ह, असा समज सर्वत्र रूढ होता. धूमकेतूंची गतीही नियमबद्ध असली पाहिजे, असे प्रतिपादन बर्नुली यांनी केले. त्यांनी बांधलेला तर्क पुढे टिकला नाही. पण अनाकलनीय वाटणाऱ्या घटनेमागे नियम शोधावा ही दृष्टी टिकली. इंग्लंडमध्ये त्यांना रॉबर्ट बॉईल आणि रॉबर्ट हुक यांचा सहवास लाभला. हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमचे नगरप्रमुख आणि व्यासंगी गणितज्ञ योहान हुडे यांची भेट झाली. १६८३ मध्ये बर्नुली बाझेलला परतले आणि विद्यापीठात यंत्रशास्त्रावर व्याख्याने देऊ लागले. धर्मोपदेशकाचे पद चालून आले असता त्यांनी ते नाकारले. १६८४ मध्ये त्यांचा विवाह झाला. १६८७ मध्ये ते बाझेल विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले.

संभाव्यतेच्या अभ्यासाकडे बर्नुली यांना वळवले ते ख्रिस्तियान हायगेन्झ या डच शास्त्रज्ञाच्या एका छोट्या ग्रंथाने. फाशांच्या खेळातील गणितावरचा हा ग्रंथ १६५७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याच्या शेवटी हायगेन्झ यांनी वाचकांना सोडवण्यासाठी पाच प्रश्न दिले होते. त्यांतील दुसरा प्रश्न वरवर साधा दिसतो. बारा सोंगट्या आहेत; त्यांपैकी चार पांढऱ्या आणि आठ काळ्या. तीन खेळाडू डोळे बांधून क्रमाने एकेक सोंगटी काढतात. ज्याच्या हाती प्रथम पांढरी सोंगटी येईल तो जिंकला. तिसऱ्यानंतर पुन्हा पहिल्याची पाळी येते. तर प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता किती?

या प्रश्नात एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. काढलेली काळी सोंगटी परत ठेवायची की बाजूला काढून टाकायची, हे त्यात स्पष्ट नव्हते. १६६५ साली याच प्रश्नावरून हायगेन्झ आणि हुडे यांच्यात पत्रव्यवहार झाला आणि दोघांची उत्तरे जुळेनात. एकाच्या मनात सोंगटी परत ठेवण्याचा खेळ होता, तर दुसऱ्याच्या मनात ती परत न ठेवण्याचा. दोघेही बुद्धिमान, दोघेही गणितात निष्णात. मतभेद होता तो अटीच्या अर्थाविषयी.

हायगेन्झ यांच्या ग्रंथावर टीका लिहिताना बर्नुली यांनी या प्रश्नाचे तीन अर्थ वेगळे केले. पहिल्या अर्थी, काढलेली सोंगटी दर वेळी परत ठेवली जाते. दुसऱ्या अर्थी, ती परत ठेवली जात नाही आणि तिघे एकाच साठ्यातून सोंगट्या काढतात. तिसऱ्या अर्थी, प्रत्येकाजवळ स्वतःच्या बारा सोंगट्या असतात आणि काढलेली सोंगटी तो परत ठेवत नाही. प्रत्येक अर्थासाठी त्यांनी स्वतंत्र उत्तर काढले.

यांतील पहिले दोन अर्थ नीट समजून घेण्यासारखे आहेत. पहिल्या खेळाडूची पाळी येते तेव्हा दोन्ही खेळांत स्थिती सारखीच असते. बारांपैकी चार सोंगट्या पांढऱ्या, म्हणून पांढरी येण्याची शक्यता ४/१२, म्हणजेच १/३. समजा, त्याच्या हाती काळी सोंगटी आली. ती परत ठेवली, तर साठा पूर्ववत होतो आणि दुसऱ्या खेळाडूपुढेही ४/१२ हीच शक्यता राहते. असे कितीही वेळा घडले तरी शक्यता बदलत नाही. साठ्याला जणू मागचे काहीच आठवत नाही.

सोंगटी परत ठेवली नाही, तर मात्र चित्र पालटते. आता साठ्यात अकरा सोंगट्या उरल्या. पांढऱ्या चारच आहेत. म्हणून दुसऱ्या खेळाडूपुढील शक्यता ४/११ होते. त्यालाही काळी आली, तर तिसऱ्यापुढे ती ४/१० होते. प्रत्येक काळ्या सोंगटीबरोबर एकूण संख्या एकेने घटते आणि पांढरी येण्याची शक्यता वाढत जाते. आठही काळ्या सोंगट्या निघून गेल्या, तर नववी सोंगटी पांढरी असलीच पाहिजे. सोंगट्या परत ठेवण्याचा खेळ किती वेळ चालेल हे कोणी सांगू शकत नाही. परत न ठेवण्याचा खेळ नवव्या पाळीपर्यंत संपतोच.

यावरून प्रत्येक पाळीला खेळ जिंकला जाण्याची शक्यता काढता येते. दुसऱ्या पाळीला डाव संपण्यासाठी आधी काळी आणि मग पांढरी सोंगटी यावी लागते. म्हणून ८/१२ आणि ४/११ यांचा गुणाकार करावा लागतो. तो ८/३३ येतो. तिसऱ्या पाळीसाठी ८/१२, ७/११ आणि ४/१० यांचा गुणाकार करावा लागतो. तो २८/१६५ येतो. येथे ८ नंतर ७ आले, कारण एक काळी सोंगटी आधीच निघून गेली आहे. अशा रीतीने नऊही पाळ्यांचे गणित केले आणि पहिली, चौथी व सातवी पाळी पहिल्या खेळाडूची, याप्रमाणे वाटणी केली, तर तिघांच्या शक्यतांचे प्रमाण ७७ : ५३ : ३५ असे येते. सोंगट्या परत ठेवल्या, तर हेच प्रमाण ९ : ६ : ४ असते. शंभर डावांच्या हिशेबाने पाहिले, तर परत ठेवण्याच्या खेळात पहिल्या खेळाडूच्या वाट्याला सरासरीने सुमारे ४७.४ डाव येतात; परत न ठेवण्याच्या खेळात सुमारे ४६.७. फरक लहान आहे, पण तो खरा आहे. तो एका न सांगितलेल्या अटीतून निर्माण झाला आहे.

येथे एक शंका पुष्कळांच्या मनात येते. परत न ठेवता चिठ्ठ्या काढायच्या असतील, तर आधी चिठ्ठी उचलणाऱ्याचा फायदा होतो काय? समजा, बारा चिठ्ठ्यांपैकी चार चिठ्ठ्यांवर बक्षीस आहे, बारा जण एकेक चिठ्ठी उचलतात आणि सर्वांनी उचलून झाल्यावरच त्या उघडतात. दुसऱ्या माणसाला बक्षीस दोन प्रकारे मिळू शकते. पहिल्याला बक्षीस मिळाले असेल, तर उरलेल्या अकरांत तीन बक्षिसे असतात. या प्रकाराची शक्यता ४/१२ गुणिले ३/११, म्हणजे १२/१३२. पहिल्याला ते मिळाले नसेल, तर अकरांत चार बक्षिसे असतात. या प्रकाराची शक्यता ८/१२ गुणिले ४/११, म्हणजे ३२/१३२. दोहोंची बेरीज ४४/१३२, म्हणजेच १/३ होते. पहिल्या माणसाची शक्यताही तेवढीच होती. बाराव्या माणसाचीही तेवढीच असते. म्हणून प्रामाणिकपणे घातलेल्या चिठ्ठ्यांत आधी उचलणारा आणि शेवटी उचलणारा यांना समान न्याय मिळतो. हायगेन्झ यांच्या खेळात पहिल्याला लाभ होतो तो, पांढरी सोंगटी निघताच डाव संपतो म्हणून.

पहिली चिठ्ठी उघडून दाखवली, तर दुसऱ्याची शक्यता लगेच बदलते. चिठ्ठ्या त्याच, माणसेही तीच. बदलते ते आपले ज्ञान. संभाव्यता म्हणजे निश्चिततेचा एक अंश होय, अशी व्याख्या बर्नुली यांनी केली. आपल्याला जेवढे ठाऊक आहे त्यावरून एखाद्या गोष्टीवर किती विश्वास ठेवावा, याचे ते माप आहे.

संभाव्यतेवरील आपला ग्रंथ बर्नुली सुमारे वीस वर्षे घडवीत होते. अनुमान करण्याची कला असा अर्थ असलेले लॅटिन नाव त्यांनी त्याला दिले. याच काळात गणिताच्या इतर शाखांतही त्यांनी मौलिक भर घातली. लायब्निझ यांनी १६८४ मध्ये प्रसिद्ध केलेले कलनशास्त्र समजणे त्या काळी फार थोड्यांना साधले. याकोब आणि त्यांचे धाकटे बंधू योहान हे त्या मोजक्यांत होते. चक्रवाढ व्याज क्षणाक्षणाला आकारले तर मुद्दल कोठवर वाढेल, या प्रश्नाचा विचार करताना त्यांनी एका महत्त्वाच्या स्थिर संख्येचा वेध घेतला. ती संख्या अडीच आणि तीन यांच्या दरम्यान असते, हे त्यांनी दाखवले. आज ती गणितात सर्वत्र वापरली जाते.

योहान हे याकोब यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. वडिलांनी त्यांनाही आधी व्यापारात आणि नंतर वैद्यकात घालण्याचा प्रयत्न केला होता. त्यांना गणित शिकवले ते याकोब यांनीच. पुढे शिष्य गुरूच्या तोडीचा झाला आणि दोघांत स्पर्धा सुरू झाली. स्पर्धेचे रूपांतर कटुतेत झाले. एकमेकांना अवघड प्रश्न घालणे आणि उत्तरांतील उणिवा जाहीरपणे दाखवणे, असे प्रकार विद्वानांच्या नियतकालिकांतून घडू लागले. या वादातून गणिताचा लाभ झाला, परंतु दोन भावांचे प्रेम मात्र हरपले. अटींचा गुंता इतक्या कौशल्याने सोडवणाऱ्या या पुरुषाला घरातील गुंता सोडवता आला नाही.

ग्रंथाच्या चौथ्या भागात बर्नुली यांनी सर्वांत मोठा प्रश्न हाती घेतला. सोंगट्यांच्या खेळात पांढऱ्या किती आणि काळ्या किती हे आधीच माहीत असते. परंतु रोग, मृत्यू, हवामान यांच्या बाबतीत साठ्यात काय आहे हे कोणालाच माहीत नसते. मग शक्यता मोजायची कशी? यासाठी त्यांनी एका घड्याची कल्पना केली. त्यात ३,००० पांढरे आणि २,००० काळे खडे आहेत, पण काढणाऱ्याला ते ठाऊक नाही. तो एक खडा काढतो, रंग टिपून घेतो, खडा परत ठेवतो आणि पुन्हा काढतो. या वेळी खडा परत ठेवण्याची अट त्यांनी स्पष्ट घातली. त्यामुळे घडा प्रत्येक वेळी पूर्ववत होतो आणि निरीक्षणे हवी तितकी वाढवता येतात. निरीक्षणे जसजशी वाढतात तसतसे पांढऱ्या-काळ्यांचे दिसणारे प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या जवळ असण्याची शक्यता हवी तितकी वाढवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. पांढऱ्यांचा खरा वाटा ३०/५० असताना दिसणारा वाटा २९/५० आणि ३१/५० यांच्या दरम्यान असण्याची शक्यता त्याबाहेर असण्याच्या हजारपटीहून अधिक व्हावी, यासाठी २५,५५० निरीक्षणे पुरेत, असा हिशेब त्यांनी मांडला. घड्यात खडे अवघे ५,०००. एवढी निरीक्षणे खडा परत ठेवला तरच शक्य आहेत. हा सिद्धान्त पुढे मोठ्या संख्यांचा नियम म्हणून ओळखला जाऊ लागला.

लायब्निझ यांनी पत्रातून त्यावर आक्षेप घेतला. नवनवे रोग उद्भवतात. तेव्हा जुन्या मृत्यूंच्या नोंदींवरून पुढचे कसे सांगणार, असा त्यांचा आशय होता. घड्यातील खडेच बदलत असतील तर काय, असाच हा प्रश्न. परिस्थिती बदलली तर निरीक्षणेही नव्याने केली पाहिजेत, असे बर्नुली यांचे म्हणणे होते. आपला सिद्धान्त प्रत्यक्ष व्यवहाराला लावून पाहण्यासाठी त्यांना आकडेवारी हवी होती. वर्षासनांच्या हिशेबावरील एक डच पुस्तिका त्यांनी लायब्निझ यांच्याकडे पुनःपुन्हा मागितली, पण ती त्यांना मिळाली नाही. प्रकृती खालावत चालली होती. ग्रंथाचा शेवटचा भाग अपुरा असतानाच १६ ऑगस्ट १७०५ रोजी बाझेल येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या समाधीवर एक विशिष्ट सर्पिल आकृती कोरावी, अशी त्यांची इच्छा होती. ही आकृती कितीही वाढली तरी तिचे रूप तसेच राहते. कारागिराने मात्र तिच्याऐवजी समान अंतराचे वेढे असलेली साधी सर्पिल आकृती कोरली. बाझेलच्या मुख्य चर्चमध्ये ती आजही पाहावयास मिळते. ग्रंथालाही वाट पाहावी लागली. कौटुंबिक अविश्वासामुळे हस्तलिखित काही वर्षे पडून राहिले. अखेर १७१३ मध्ये, पुतण्या निकोलस याच्या प्रस्तावनेसह, तो बाझेल येथे प्रसिद्ध झाला.

आज विम्याचे हप्ते ठरवताना, औषधांची परीक्षा घेताना, कारखान्यातील मालाची तपासणी करताना या ग्रंथातील विचार उपयोगी पडतो. हजारो कुटुंबांतून काही कुटुंबे निवडून पाहणी करायची असते, तेव्हा एकदा निवडलेले कुटुंब सहसा पुन्हा निवडत नाहीत. तेथे परत न ठेवण्याचे गणित लागू होते. फासा दुसऱ्यांदा टाकताना मात्र पहिल्या वेळी काय पडले याचा काहीही परिणाम होत नाही. हा भेद ज्याला कळला, त्याला सलग तोटा झाल्यावर आता लाभ होणारच अशी भाबडी आशा दाखवून कोणी सहज फसवू शकत नाही.

हिशेबाला बसण्यापूर्वी अट नीट समजून घ्यावी, हा बर्नुली यांच्या कार्याचा बोध आहे. जे निघून गेले ते परत आले आहे का, उरलेल्यात आता काय आहे आणि त्याविषयी आपल्याला खरोखर किती माहीत आहे, हे प्रश्न त्यांनी गणिताला विचारायला शिकवले. दैवाच्या नावाने कपाळाला हात लावणाऱ्या माणसाच्या हाती त्यांनी मोजमापाचे एक साधन दिले.